सामोरा एका तासात जिंकलं नाही

फ्रीमाँटमधल्या आमच्या इमारतीत कपडे धुण्याची खोली तळमजल्यावर होती. चार मशिनं, तीन ड्रायर आणि घड्या घालायला एक लांबलचक टेबल. पाव डॉलरची नाणी टाकल्याशिवाय काही चालायचं नाही, म्हणून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मी नाणी साठवायचे. हे 2010 सालचं. लग्न करून अमेरिकेत येऊन मला आठ महिने झाले होते. माझा व्हिसा एच-4, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या आधारानं आलेली बायको. तेव्हा त्यावर राहता यायचं, शिकता यायचं, गाडी चालवता यायची, पगार घेता यायचा नाही.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मी स्पॅनिश शिकले, पुढे पाच वर्षं शिकवलंही. फ्रीमाँटजवळच्या एका शाळेला स्पॅनिशची शिक्षिका हवी होती. मुलाखत छान झाली, वर्ग घेऊन दाखवला, मुलं हसली, बोलली. व्हिसाचा विषय निघाला आणि मग त्यांचा फोन आला नाही. त्याच आठवड्यात ती मला कपड्यांच्या खोलीत भेटली. इमारतीतल्या दोन-तीन घरांची साफसफाई करायची, साठीच्या पुढची, मेक्सिकोतल्या मिचोआकानची. मी तिच्याशी स्पॅनिश बोलते याचं तिला फार कौतुक. मला ती ‘मिहा’ म्हणायची, म्हणजे ‘पोरी’. मी तिला शाळेचं सांगितलं. ओले टॉवेल मशिनमधून ड्रायरमध्ये टाकता टाकता ती म्हणाली, ‘नो से गानो सामोरा एन उना ओरा, मिहा.’ सामोरा काही एका तासात जिंकलं नाही. आणि लगेच माहितीही दिली: सामोरा म्हणजे आमच्याकडचं, मिचोआकानमधलं. स्ट्रॉबेरीचं गाव.

मला ते वाक्य ऐकल्यासारखं वाटलं, ऐकण्यापेक्षा वाचल्यासारखं. रात्री आठवलं. ‘ला सेलेस्तिना’मध्ये हेच वाक्य आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या पुस्तकात एक म्हातारी कुंटीण एका उतावळ्या प्रेमिकाला हेच ऐकवते, आणि वर म्हणते की म्हणून काही लढणाऱ्यांनी धीर सोडला नाही. स्पेनमधल्या कुंटणीच्या तोंडचं वाक्य कॅलिफोर्नियातल्या ड्रायरशेजारी, जसंच्या तसं. आता शोधलंच पाहिजे, असं मला वाटलं. एरवी करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

फ्रीमाँटहून बार्ट या लोकल रेल्वेनं बर्कलीला पाऊण तास लागतो. विद्यापीठाच्या मोठ्या ग्रंथालयाचं, डो लायब्ररीचं, बाहेरच्या माणसांसाठीचं कार्ड पैसे भरून मिळतं. ते मी घरखर्चातून काढलं आणि आठवडाभर त्याचा अपराधीपणा वाटत राहिला. तिथली पुस्तकं बहुतेक जमिनीखालच्या मजल्यांवर. ‘ला सेलेस्तिना’च्या निरनिराळ्या आवृत्त्यांच्या रांगेत एक जाडजूड पुस्तक होतं, सातशेहून जास्त पानांचं, कडा तपकिरी पडलेल्या. बुएनोस आइरेसला 1962 साली छापलेलं, ‘ला ओरिखिनालिदाद आर्तिस्तिका दे ला सेलेस्तिना’, सेलेस्तिनाची कलात्मक मौलिकता. लेखिका: मारिया रोसा लीदा दे माल्कीएल. मागच्या पानावर परतीच्या तारखांचे जांभळे शिक्के, वेडेवाकडे, एकावर एक. मी मधलंच एक पान उघडलं. वर चार ओळी मजकूर आणि खाली सगळं पान भरून तळटीप. तळटीप संपेना, पुढच्या पानावर गेली. उभ्या उभ्या वाचत राहिले आणि दिवा गेला. त्या मजल्यांवरचे दिवे थोड्या वेळानं आपोआप विझायचे, हात हलवला की परत लागायचे.

या मारिया रोसाबद्दल मला जे कळलं ते त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत, तुकड्यातुकड्यानं.

जन्म 1910चा, बुएनोस आइरेसमध्ये. आईवडील ज्यू, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातल्या लेम्बर्गकडचे. ते शहर आज युक्रेनमध्ये आहे, ल्विव्ह नावानं. थोरला भाऊ रायमुंदो लेम्बर्गलाच जन्मला आणि तान्हा असताना आईच्या कडेवर अर्जेंटिनात आला. घरात यिडिश, दाराबाहेर स्पॅनिश. अशा घरातली ही दोन भावंडं स्पॅनिश साहित्याचे मोठे अभ्यासक झाली. दोघंही पुढे परत देश सोडून गेली. स्थलांतर तिच्या घराण्यात दोनदा घडलं, एकदा आईवडिलांचं, एकदा तिचं स्वतःचं.

1910 म्हटलं की मला आधी दुर्गाबाई आठवतात. दुर्गा भागवतही 1910च्याच. लोककथा आणि अभिजात वाङ्मय या दोन्हींत सारखाच जीव, ग्रंथालयात बैठक मारून बसणं, एखाद्या शब्दाचा, कल्पनेचा माग काढत शतकं मागे जाणं, आणि पटलं नाही तर समोर कोण आहे हे न बघता सांगून टाकणं. दोघींना एकमेकींचा पत्ता असण्याचं काही कारण नव्हतं. पण मुंबईच्या एशियाटिकमध्ये दुर्गाबाई वाचत बसलेल्या असताना दक्षिण गोलार्धात एक मुलगी तशीच बसली होती, हे मनात आलं की मला फार बरं वाटतं.

ती बसली होती ती जागा म्हणजे बुएनोस आइरेस विद्यापीठाची भाषाशास्त्र संस्था. 1923 साली निघालेली. 1927 पासून तिचा संचालक आमादो आलोन्सो हा स्पेनमधल्या नावार्रा प्रांतातून आलेला. त्याचा मोठा आधार पेद्रो एन्रिकेस उरेन्या, हा कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन रिपब्लिकचा. लीदा भावंडं लेम्बर्गच्या घरातली. अर्जेंटिनात स्पॅनिशचा सगळ्यात कसून अभ्यास जिथे होत होता, तिथे बहुतेक जण बाहेरून आलेले! मला याचं आश्चर्य वाटत नाही. पुण्यात मला व्याकरणाचे सगळ्यात जास्त प्रश्न विचारायचे ते घरी मराठी न बोलणारे विद्यार्थी. ज्याला भाषा फुकट मिळालेली नसते तो तिचा हिशेब ठेवतो.

आता तिच्या कामातली एक गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण तिथूनच मी तिच्यात गुंतले. तिशी गाठायच्या आतच तिनं ग्रीक-लॅटिन कवितेतल्या काही कल्पना स्पॅनिश कवितेत कशा आल्या याचा माग काढला होता. त्यातली एक कल्पना बुलबुलाची. रोमन कवी व्हर्जिलच्या शेतीवरच्या काव्यात, चौथ्या भागात, ग्रीक पुराणकथेतला गायक ऑर्फियस बायकोला दुसऱ्यांदा गमावतो आणि रडतो. कसा रडतो? पॉप्लरच्या सावलीत पक्षीण पिल्लांसाठी रडते तसा. पंखही न फुटलेली तिची पिल्लं कठोर नांगरवाल्यानं घरट्यावर डोळा ठेवून काढून नेलीत, आणि ती रात्रभर फांदीवर बसून तेच गाणं परत परत गाते. हे ख्रिस्तापूर्वीच्या शेवटच्या शतकातलं. त्यानंतर दीड हजार वर्षांनी स्पेनमध्ये गार्सिलासो दे ला वेगा नावाचा शिपाईगडी कवी एका मेंढपाळाला आपल्या मेलेल्या प्रेयसीसाठी रडवतो, आणि पक्षीण परत येते. घरटं तेच, पिल्लं तीच. लॅटिनमध्ये तो माणूस ‘दुरुस आरातोर’ होता, स्पॅनिशमध्ये ‘दुरो लाब्रादोर’ झाला. दोन शब्द हातात हात घालून दीड हजार वर्षं चालत आले.

हे वाचल्यावर मी दोन्ही उतारे वहीत समोरासमोर लिहून काढले. मग फरक दिसायला लागले. गार्सिलासोच्या कवितेत पॉप्लर गेला, नुसती पानं उरली, पक्षीण त्या पानांत दडलेली. आणि त्यानं एक गोष्ट घातली जी व्हर्जिलमध्ये नाही: पिल्लं नेली तेव्हा आई घरट्यावर नव्हती, आपल्या लाडक्या फांदीपासून दूर गेली होती. एवढी एकच भर. पण त्यानं दुःखाची जातच बदलली. आता त्यात आपण तिथे नव्हतो ही टोचणी आली. परदेशात राहणाऱ्या कुणालाही ही ओळ समजावून सांगावी लागणार नाही. माझे आजोबा गेले तेव्हा मी कपड्यांच्या त्याच खोलीत होते, फोन वर घरात राहिला होता.

आपल्याकडे पक्ष्याच्या दुःखातूनच पहिला श्लोक निघाला असं आपण मानतो. ‘मा निषाद’ लहानपणापासून कानावर असलेल्या माणसाला व्हर्जिलची ही पक्षीण परकी वाटूच शकत नाही. पण तिथे मारणारा व्याध आहे आणि इथे नांगर धरणारा शेतकरी, तोही शेतकऱ्याचीच थोरवी गाणाऱ्या काव्यात. या ‘कठोर’ शब्दाशी मी बराच वेळ थांबले होते.

अमक्यानं तमक्याचं उचललं एवढ्यावर मारिया रोसा थांबत नाही. घेणाऱ्यानं काय घेतलं, काय टाकलं, काय नव्यानं घातलं, हे ती बघते. कल्पना वाटेत बदलत जाते आणि तो बदलच तिच्या दृष्टीनं खरं साहित्य असतो. तिची पुढची सगळी पुस्तकं मला याच एका सवयीची वाटतात.

1946 साली अर्जेंटिनात पेरोन सत्तेवर आला. विद्यापीठात सरकारचा हात शिरला, प्राध्यापक काढले गेले, काहींनी आपणहून सोडलं. आलोन्सो हार्वर्डला निघून गेला. त्याच वर्षी मे महिन्यात एन्रिकेस उरेन्या ला प्लाता या जवळच्या शहरात वर्ग घ्यायला निघाला होता. धावत जाऊन त्यानं गाडी पकडली आणि गाडीतच त्याचा प्राण गेला. एवढा मोठा विद्वान, साठी उलटलेली, आणि वर्गाला उशीर नको म्हणून धावतोय. रायमुंदो 1947 साली मेक्सिकोला गेला, तिथे त्यानं नवं नियतकालिक उभं करायला मदत केली, काही वर्षांनी तोही हार्वर्डला पोचला. संस्थेच्या इमारतीला कुणी हात लावला नाही. माणसं गेली आणि संस्था गेली.

मारिया रोसानं 1947 साली डॉक्टरेट पुरी केली, पंधराव्या शतकातला कोर्दोबाचा कवी हुआन दे मेना याच्यावर, आणि त्याच वर्षी रॉकफेलर फाउंडेशनची शिष्यवृत्ती घेऊन ती अमेरिकेला आली. वय छत्तीस-सदतीस.

आता याकोव्ह माल्कीएल. कीव्हमध्ये जन्म, ज्यू कुटुंब, बर्लिनमध्ये वाढला, तिथेच डॉक्टरेट, आणि नाझींच्या तावडीतून निसटून 1940 साली अमेरिकेत. बर्कलीला तो शब्दांच्या व्युत्पत्तीचं काम करायचा. 1943 पासून दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला, निमित्त भाषाशास्त्राचं. एक कॅलिफोर्नियात, एक बुएनोस आइरेसमध्ये, मध्ये महायुद्ध. जवळजवळ पाच वर्षं नुसती पत्रं. ती अमेरिकेत आल्यावर पहिली भेट, आणि 1948 साली लग्न. ही पत्रं 2017 मध्ये स्पेनमध्ये पुस्तकरूपानं निघाली तेव्हा सगळीकडे ‘प्रेमकथा’ म्हणून त्यांची चर्चा झाली. प्रेमकथा आहेच. शब्दाचा उगम, हस्तलिखितातले पाठभेद यांवर बोलता बोलता दोन एकटी माणसं जवळ येतात, यापेक्षा सुंदर काय असणार! पण ती पत्रं लिहिणारी बाई रात्री पत्र संपवून परत हुआन दे मेनाकडे वळत असणार, हे लक्षात ठेवून ती वाचावीत, असं मला वाटतं.

लग्नानंतर ती बर्कलीच्या परिसरात आली. आणि इथे नियम होता: नवरा ज्या विद्यापीठात प्राध्यापक, तिथे बायकोला नेमणूक नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत तेव्हा असे नियम होते. वशिलेबाजी नको म्हणून केलेले, आणि प्रत्यक्षात त्यांचा फटका बसायचा तो बायकांना. स्पॅनिश मध्ययुगावरचा अधिकार असलेली ही बाई आपल्याच गावच्या विद्यापीठात प्राध्यापक होऊ शकली नाही. इलिनॉय, ओहायो, स्टॅनफर्ड, हार्वर्ड अशा ठिकाणी ती पाहुणी म्हणून शिकवून यायची. काही महिने तिकडे, की परत. माझ्या व्हिसाची आणि तिच्या अडचणीची जात एक नाही. ती कुठल्या उंचीवर होती आणि मी कुठे, हे मला पक्कं कळतं. पण बार्टमधून बर्कलीला उतरताना, ज्या ग्रंथालयात मी पैसे भरून शिरले होते त्याच विद्यापीठाच्या दाराशी तीही अशीच ‘कुणाची तरी बायको’ होती, हे आठवून माझा घसा दाटायचा. हा नियम चूक होता, त्याला ‘तो काळच तसा’ म्हणून मी सोडून द्यायला तयार नाही. एका विद्यापीठानं चौदा वर्षं आपल्या दारातलं माणूस वाया घालवलं.

वाया तिनं स्वतः काहीच जाऊ दिलं नाही, ही गोष्ट वेगळी.

1950 मध्ये मेनावरचं पुस्तक आलं, 1952 मध्ये कीर्तीवरचं. माणसाला कीर्तीची हाव लागली ती युरोपच्या प्रबोधनकाळात, मध्ययुगाला तिची ओळख नव्हती, असं बुर्कहार्ट या स्विस इतिहासकारानं एकोणिसाव्या शतकात मांडलं होतं आणि ते सर्वांनी मुकाट मान्य केलं होतं. हिनं ग्रीसपासून सुरुवात करून मध्ययुगीन स्पेनमधली काव्यं, बखरी, संतचरित्रं पालथी घातली आणि दाखवून दिलं की धागा कधी तुटलाच नव्हता. ‘मरावे परी कीर्तिरूपे उरावे’ पाठ करत वाढलेल्या मला यात नवल वाटलं नाही. हेही सिद्ध करावं लागतं, याचंच नवल वाटलं.

गिल्बर्ट हायेट या नामवंत अभ्यासकाचा ग्रीक-रोमन परंपरेवरचा ग्रंथ आला तेव्हा तिनं त्याचं परीक्षण लिहिलं. हायेटनं स्पेनला फारशी जागाच दिली नव्हती. मग हिनं जे राहिलं ते सांगायला घेतलं आणि त्या सांगण्याचा एक स्वतंत्र प्रबंध झाला. त्या परीक्षणाचं शीर्षक पुढे तिच्या एका पुस्तकाला मिळालं. परीक्षणांत ती कठोर होती. कधीकधी जरूरीपेक्षा जास्त, असं मलाही वाचताना वाटलं. पण समोरच्याचं पुस्तक तिनं शेवटच्या तळटीपेपर्यंत वाचलेलं असायचं, आणि तो मोठा मान असतो.

चौदाव्या शतकात हुआन रुइस नावाच्या पाद्र्यानं लिहिलेल्या ‘लिब्रो दे बुएन आमोर’वर तिचा विशेष जीव. मी-मी करत सांगितलेली प्रेमप्रकरणं, मधे मधे गोष्टी, बोधकथा, देवाची स्तोत्रं, असं ते अजब पुस्तक आहे. ते कुठून आलं यावर वाद. स्पेनमधून परागंदा होऊन प्रिन्स्टनला स्थिरावलेला आमेरिको कास्त्रो म्हणत होता, अरबी प्रेमशास्त्राच्या ग्रंथाकडे बघा. हिला ते पटलं नाही. स्पेनमधल्या ज्यू लेखकांनी हिब्रूत लिहिलेल्या गद्यपद्यमिश्रित ‘मकामा’ कथांकडे हिनं बोट दाखवलं, विशेषतः बाराव्या शतकातल्या बार्सेलोनाच्या इब्न साबाराकडे. मला यातला निवाडा करता येत नाही, तेवढं माझं वाचन नाही. पण यिडिश बोलणाऱ्या घरातली मुलगी एका कॅथलिक पाद्र्याच्या पुस्तकात हिब्रू कथाकारांची पावलं ओळखते, तिथे मी वहीत रेघ मारून ठेवली आहे.

आणि या सगळ्या रहदारीत आपलंही गाठोडं आहे. पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवीत गेलं, आठव्यात अरबीत, आणि 1251 साली स्पॅनिशमध्ये, ‘कलिला ए दिम्ना’ नावानं. करटक आणि दमनक! स्पॅनिश गद्याच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. पुण्यात स्पॅनिश शिकताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी परकेपणा थोडा कमी झाला असता. आता मी माझ्या प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी हेच सांगते.

‘सेलेस्तिना’वरच्या तिच्या पुस्तकाकडे यायला मला उशीर झाला, कारण ते अवघड आहे. सलग वाचता येत नाही. मी ते तीन हिवाळे वाचत होते.

मूळ कथा दोन ओळींची. कालिस्तो या श्रीमंत तरुणाचं मेलिबेयावर मन बसतं. सेलेस्तिना ही कुंटीण सूत विकायच्या निमित्तानं मेलिबेयाच्या घरात शिरते आणि गाठ घालून देते. मग सोन्याच्या साखळीवरून नोकर सेलेस्तिनाला मारतात, नोकरांचा शिरच्छेद होतो, कालिस्तो शिडीवरून पडून मरतो, मेलिबेया मनोऱ्यावरून उडी टाकते, आणि तिचा म्हातारा बाप एकटा बोलत राहतो. 1499च्या सुमारास छापलं तेव्हा सोळा अंक होते, नंतर एकवीस झाले. लेखक फेर्नांदो दे रोहास, धर्म बदलावा लागलेल्या ज्यू घराण्यातला कायद्याचा विद्यार्थी. पहिला अंक आपल्याला आयता सापडला आणि बाकीचं आपण सुट्टीच्या पंधरा दिवसांत लिहिलं, असं तो सांगतो.

हे नाटक आहे की कादंबरी, यावर पंडितांचा जुना झगडा. रंगमंचावर मावत नाही म्हणून कादंबरी, असं म्हणणारे पुष्कळ. मारिया रोसा ठामपणे म्हणते, नाटक. रोमन सुखांतिकांपासून इटलीतल्या विद्वानांनी लॅटिनमध्ये लिहिलेल्या नाटकांपर्यंत सगळा गोतावळा ती मांडते, आणि मग एकेक पात्र घेऊन विचारते, यासारखं आधी कोण होतं, आणि हे त्याच्यापेक्षा कुठे वेगळं झालं? पक्षिणीच्या वेळचाच प्रश्न. फक्त आता हाताशी पंचवीस वर्षांचं वाचन. रोहासनं नोकरांना, वेश्यांना, कुंटणीला मालकांइतकंच आतून बघितलं, त्यांनाही भीती, मत्सर, आठवणी दिल्या, हे तिच्या पुस्तकातून माझ्या डोक्यात पहिल्यांदा नीट उतरलं.

नवव्या अंकात सेलेस्तिनाच्या घरी जेवणाची पंगत बसली आहे. सगळे खालच्या थरातले. तिथे आरेउसा नावाची तरुण वेश्या मोलकरणींची व्यथा सांगायला लागते: मालकिणी कशा नावानं हाक न मारता शिवीनंच बोलावतात, वर्षानुवर्षं राबवून शेवटी चोरीचा आळ घालून कशा हाकलून देतात. आणि मग ती म्हणते, म्हणून त्यांच्या श्रीमंत वाड्यांत बंदी होऊन राहण्यापेक्षा मी माझ्या लहानशा घरात, कुणाची मिंधी नसलेली, माझीच मालकीण म्हणून राहिले. हे 1499 सालचं वाक्य आहे. ते मी एकदा कपड्यांच्या खोलीत माझ्या मिचोआकानच्या मैत्रिणीला वाचून दाखवलं. जुनी स्पॅनिश, पण तिला सगळं कळलं. तिनं परत वाचायला सांगितलं. मग बराच वेळ काही न बोलता उशांचे अभ्रे उलटे-सुलटे करत राहिली.

सातशे पानांचं ते पुस्तक 1962 साली आलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ओकलंडला मारिया रोसा कर्करोगानं गेली. एक्कावन्न वर्षांची होती. रोमन लोकांनी इसवी सन 70 मध्ये जेरुसलेमला वेढा घालून ते उद्ध्वस्त केलं, त्याचे पडसाद स्पॅनिश साहित्यात कसे उमटले, हा वेढ्यावरचा मोठा अभ्यास तिच्या कागदांत राहिला होता.

याकोव्हनं पुढची कितीतरी वर्षं तिचे कागद लावले. आपल्या नियतकालिकाचा अंक तिच्या स्मृतीसाठी काढला. जेरुसलेमवरचं, दिदो राणीवरचं, स्पेनमधल्या ग्रीक-रोमन परंपरेवरचं, अशी तिची पुस्तकं सत्तरच्या दशकात एकामागून एक निघत राहिली. तो 1998 पर्यंत जगला. या माणसाच्या नोकरीमुळे तिला नोकरी मिळाली नाही, हे जितकं खरं तितकंच हेही खरं की आज ती आपल्याला वाचायला मिळते त्यात त्याचे हात आहेत. दोन्ही गोष्टी मी एकाच पानावर लिहून ठेवल्या आहेत. एकीनं दुसरी पुसली जात नाही.

2015च्या मे महिन्यापासून एच-4 वर असलेल्या काही जणांना अटी घालून कामाची परवानगी मिळायला लागली. माझा कागद त्या हिवाळ्यात आला. आता मी एका कम्युनिटी कॉलेजमध्ये संध्याकाळचे वर्ग घेते. शनिवारी आपल्या मराठी मंडळींच्या मुलांना घरी शिकवते, त्यांच्या शाळेत स्पॅनिश असतं म्हणून. मुलं ‘करटक’ म्हटलं की हसतात आणि ‘कलिला’ म्हटलं की गप्प होतात.

कागद आला त्या दिवशी मी खाली गेले. ती होती, पांढऱ्या चादरींचा ढीग घेऊन. मी तिला कागद दाखवला. ‘बघ,’ ती म्हणाली, ‘सामोरा.’ तेव्हा मी तिला सांगितलं की म्हणीतलं सामोरा तुझ्या गावाजवळचं नव्हे, स्पेनमधलं. दुएरो नदीच्या काठी उंचावर तटबंदीचं शहर. 1072 साली सांचो राजानं आपल्याच बहिणीकडून ते घ्यायला वेढा घातला, महिनोन् महिने तो चालला.

‘मग घेतलं त्यानं?’

‘नाही. तटाबाहेरच त्याला कुणीतरी भाला मारला. वेढा उठला.’

तिनं जरा विचार केला. ‘म्हणजे बहीण आतच राहिली.’

‘हो. आतच.’

‘बरं झालं,’ ती म्हणाली आणि ओल्या चादरीची दोन टोकं माझ्या हातात देऊन स्वतः मागे मागे खोलीच्या दारापर्यंत गेली, चादर ताणून धरायला.